थरारपटाचा ट्रेलर आणि आपले तिकीट



रहस्यपटाचा ट्रेलर फोनवर आला, की घरात एकच गलका होतो. “आई, चाल नं, यवतमाळला पाहून येऊ!” फोनवरची झलक फुकट असते. पण घाटंजी-राळेगावकडून चौघांनी निघायचे म्हणजे एस.टी.चे भाडे, चार तिकिटे, मध्यंतरातले खाणे आणि परतीला होणारी रात्र, हा सगळा हिशेब गृहिणीलाच जुळवावा लागतो. एवढे करून बाहेर पडताना मुले म्हणाली, “ट्रेलरमध्ये होतं ते तर यात नव्हतंच!” तर? दाद कुणाकडे मागायची?

एका भगिनीने ती मागितली होती. २०१६ साली शाहरुख खानचा ‘फॅन’ हा थरारपट आला. जाहिरातीत ‘जबरा फॅन’ हे गाणे सारखे वाजत होते. चित्रपटात मात्र ते नव्हते. मराठवाड्यातील एका शिक्षिकेने फसवणूक झाली म्हणून ग्राहक मंचाकडे तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. पण २०१७ मध्ये राज्य आयोगाने तिला रु. १०,००० भरपाई आणि रु. ५,००० खर्च देण्याचा हुकूम केला, आणि २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये निकाल उलटला. ट्रेलर हा प्रेक्षकाने तिकीट काढावे म्हणून केलेला प्रचार आहे; तो करार नव्हे, त्यात दिसले ते सगळे चित्रपटात असेलच असे वचनही नव्हे, असे न्यायालयाने सांगितले.

तेव्हा साडी घेताना आपण घडी उलगडून काठ-पदर पाहतो, तसा ट्रेलरही उलगडून पाहायला शिकावे. ते काही अवघड नाही. थरारपटाच्या ट्रेलरची वीण बहुधा ठरलेली असते.

सुरुवात सुखाची. हसते घर, शाळेत निघालेले मूल, गाडीतून सहलीला चाललेले जोडपे. मग अचानक सगळे शांत होते आणि पाठोपाठ कानठळ्या बसवणारा एक ठोका. आपण दचकतो ते चित्राने नव्हे, या आवाजाने. आवाज बंद करून तोच ट्रेलर पाहा. निम्मी भीती जागच्या जागी ओसरते!

पुढे पडदा सारखा काळा होतो, त्यावर दोनच शब्द उमटतात. घड्याळाची टिकटिक, कुणाचा तरी श्वास. एखादे ओळखीचे गाणे अगदी संथ, एकाकी आवाजात ऐकू येते. २०१० साली ‘द सोशल नेटवर्क’च्या ट्रेलरमध्ये एक जुने गाणे वृंदगायनात असे वापरले होते, ते फार गाजले आणि पुढे ही तऱ्हा बोकाळली. शेवटी चित्रे भराभर धावतात, चित्रपटाचे नाव येते, आपण सैल होऊन बसतो आणि नेमका तेव्हाच शेवटचा एक दणका!

यात एक हातचलाखीही असते. “खून कुणी केला?” हा प्रश्न एका प्रसंगातला, आणि त्यावर दचकलेला चेहरा भलत्याच प्रसंगातला. दोन्ही शेजारी ठेवले, की आपल्या मनात संशय तयार.

पण सगळीच दिशाभूल वाईट म्हणता येणार नाही. हिचकॉकच्या ‘सायको’चा (१९६०) ट्रेलर सहा मिनिटांहून मोठा होता. त्यात हिचकॉक स्वतः ते मोटेल आणि घर हिंडून दाखवतो आणि शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढताच एक बाई किंचाळते. गंमत अशी, की ती बाई चित्रपटातल्या त्या प्रसंगातली जॅनेट ली नव्हेच, ती व्हेरा माइल्स! आपल्या राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ (१९६४) घ्या, ज्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) निघाला. अशा कथेचे रहस्य झलकेतच फुटले, तर तिकिटाचे पैसे खरोखरच वाया गेले म्हणायचे. रहस्य लपवणारा ट्रेलर आपल्यावर उपकारच करतो.

आपल्याला आधी कळायला हवे ते रहस्य नव्हे, तर चित्रपटाची जात. मारहाण किती, रक्त किती, बाईवरचे अत्याचार किती. ट्रेलरमध्ये घरात एकटी बाई, दाराची हलणारी कडी आणि किंकाळी एवढेच दिसते. चित्रपटात ती बाई हिमतीने उभी राहते, की नुसतीच मार खाते, हे त्यावरून कळत नाही. आणि दहा वर्षांची लेक शेजारी बसणार असेल, तर फरक पडतो तो तिथेच.

म्हणून तिकीट काढण्याआधी एवढे करा. सेन्सॉरचे प्रमाणपत्र पाहा. पूर्वी सरसकट ‘यूए’ असे, पण २०२४ पासून त्याचे तीन भाग झाले आहेत: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. त्या वयाखालच्या मुलांना न्यायचे की नाही, हे आईवडिलांनी ठरवायचे. ‘ए’ असेल तर अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेशच नाही. चित्रपट लागल्यावर पहिल्याच दिवशी धावू नका. पाहून आलेल्या एखाद्या शेजारणीला गाठा. “शेवट सांगू नको माय, फक्त पोरीला नेऊ का तेवढं सांग,” असे विचारा. आणि मुलांना घेऊन एकच ट्रेलर दोनदा पाहा, एकदा आवाजासह, एकदा आवाजाशिवाय. दचकवण्याची युक्ती कळली, की रात्री दिवा चालू ठेवून झोपायचा हट्टही कमी होतो.

पैसे आपले, संध्याकाळ आपली. नंतर भांडण्यापेक्षा आधी पारखून घेतलेले बरे, नाही का?