थरांचे शुभेच्छापत्र, पण हलके

नाताळ जवळ आला की घरोघरी मुले रंगीत कागद पसरून शुभेच्छापत्रे करावयास बसतात. थरावर थर चढविलेले पत्र मोठे सुरेख दिसते खरे. परंतु ते फुगते, आणि पाकिटासह वजन २० ग्रॅमच्या वर गेले की टपाल वाढते. तिकीट कमी पडले, तर भुर्दंड बसतो तो बिचाऱ्या घेणाऱ्यास!

वास्तविक खालच्या थराची कडच तेवढी दिसते. मग झाकलेला मधला भाग ठेवावा कशाला? समजा, खालचा थर ५ इंच लांब व ४ इंच रुंद आहे आणि वरचे चित्र साडेचार बाय साडेतीन इंचांचे आहे. थर चिकटविण्यापूर्वीच त्याच्या मधोमध ४ बाय ३ इंचांचा तुकडा कापून घ्यावा. उरलेली चौकट अर्धा इंच रुंद राहते. तिचा पाव इंच दिसावयास, पाव इंच चित्र चिकटविण्यास. कागदाचे पाच भागांतील तीन भाग वाचले! जाड कागदात हे वजन सुमारे २ ग्रॅम भरते. काढलेला तुकडा लहान पत्राचा थर होतो, आणि त्याच्याही पोटातून ३ बाय २ इंचांची चिठ्ठी निघते.

कात्री मात्र येथे नको. वाचवावयाचा तुकडाच ती आधी फाडते. पट्टी लावून धारदार पात्याने कापावे. हे काम मोठ्यांनी करावे. चित्राचा कागद पातळ असेल, तर तो मधे खचतो. तेथे थर अखंडच बरा. खळ अगदी घट्ट घ्यावी, पातळ खळीने कागद वाकतो. रात्रभर जाड ग्रंथाखाली दाबून मगच पाकिटात घालावे.