पुस्तकाने गृहीत धरलेलं मूल

भाषा शिकवणारं कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी एकच गोष्ट तपासते: लिहिणाऱ्याने डोळ्यांपुढे कुठलं मूल ठेवलंय? ही सवय नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलच्या आसपासच्या पाड्यांवर, जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी करताना लागली. पहिलीचं मराठीचं पुस्तक घरी मराठी बोलणारं मूल गृहीत धरतं. आमच्या वर्गातलं मूल घरी कोकणी बोलायचं (गोव्याची नव्हे, आमच्या डोंगरातल्या कोकणा समाजाची), नाहीतर वारली. बाईंचं बोलणं त्याला निम्मंशिम्मं कळायचं, आणि पुस्तक मात्र पहिल्या पानापासून जुनी ओळख असल्यासारखं त्याच्याशी बोलायला लागायचं. मूल गप्प बसायचं. तपासणीला आलेले साहेब ‘प्रगती कमी’ असा शेरा मारून निघून जायचे.

हा विषय निघाला तो ह्यूस्टनच्या भाचीमुळे. तिने दोन्ही मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलंय. टेक्सासात त्याला फारशी आडकाठी नाही. १९९४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरच्या शाळेला खासगी शाळेचाच दर्जा दिला. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र एवढे विषय शिकवले की झालं. स्पॅनिश तिने स्वतःहून घेतली. टेक्सासात चारातल्या एकाहून जास्त माणसांच्या घरी स्पॅनिश बोलतात, शेजारच्या घरीसुद्धा. “मावशी, तू आयुष्यभर हेच केलंस, यातलं काय घेऊ सांग,” असं म्हणून तिने व्हॉट्सॲपवर भली मोठी यादी पाठवली. काहीशे डॉलरचे संच, ॲप, वर्कबुकं, फ्लॅशकार्डं. एकजात सगळं इंग्रजीतून शिकवणारं.

माझा आक्षेप तिथेच आहे. ही पुस्तकं घरी फक्त इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकन मुलासाठी लिहिलेली आहेत, त्यामुळे त्या मुलाला जे अवघड तेच त्यांत पानंच्या पानं फोडून सांगितलेलं असतं. ‘प’, ‘त’, ‘क’ म्हणताना तोंडातून हवा सोडू नका. ‘र’ जिभेच्या टोकाने घोळवा. स्वर सरळ ठेवा, ओढू नका. निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं, घाबरू नका. मोठ्या माणसाला वेगळ्या सर्वनामाने हाक मारतात. मराठी घरातल्या मुलाला यातलं काय नवीन आहे? त्याचा त आणि द दातांवरचाच असतो. इंग्रजीच्या वाटेने गेलं तर त्याचाच उलट ट होतो. आजोबांना ‘तू’ म्हणायचं नाही हे त्याला दोन वर्षांचं असताना कळलेलं असतं. आणि ‘मे गुस्ता’! इंग्रजी पुस्तकात यासाठी अख्खा धडा खर्ची पडतो, कारण तिथे आवडणारी वस्तू कर्ता होते आणि ज्याला ती आवडते ते माणूस बाजूला सरकतं. आपण ‘मला आंबा आवडतो’ म्हणतो तेव्हा दुसरं काय करतो?

उलट मराठी मुलाला जिथे अडायचं तिथे ही पुस्तकं भरधाव पुढे जातात. आपल्या एका ‘आहे’साठी स्पॅनिशला दोन क्रियापदं लागतात: माणूस कसा आहे त्याला एक, कुठे आहे त्याला दुसरं. आपली तीन लिंगं तिथे दोनांत बसवायची, आणि त्यातही चंद्र बाई होतो, ‘ला लुना’. भाचीच्या धाकट्याने यावर चांगलाच वाद घातला. चांदोमामा मामा आहे तर बाई कसा? बरोबर आहे त्याचं. हा प्रश्न एकाही वर्कबुकात नाही, कारण तो विचारणारं मूल त्या लेखकाच्या डोक्यातच नव्हतं.

कुणी म्हणेल, भाचीच्या मुलांना इंग्रजी उत्तम येतं, मग बिघडलं कुठे? बिघडलं काहीच नाही. पण हाताशी जवळची पायवाट असताना लांबच्या डांबरी रस्त्याने कशाला जायचं? जिथे इंग्रजी जवळ, तिथे इंग्रजी घ्यावी. लॅटिनमधून आलेले कितीतरी शब्द दोन्हीकडे सारखे आहेत. उच्चार आणि वाक्याची घडण मात्र मराठीवरूनच न्यावी. वहीत उच्चार देवनागरीत लिहा म्हणून मी सांगितलं, तेव्हा भाचीला ते गावंढळ वाटलं होतं. आता लिहिते.

मग घ्यायचं काय? माझं मत, मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांसाठी केलेलं, नाहीतर चित्रावरच चालणारं. मेक्सिकोत सरकार प्राथमिक शाळेची पुस्तकं फुकट वाटतं, त्यासाठी १९५९ मध्ये आयोग नेमला. कोनालितेग हे त्या आयोगाचं नाव; आपली बालभारती त्याच्या आठ वर्षांनंतरची. ती पुस्तकं इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. पहिलीचं पुस्तक उघडून नुसत्या चित्रांवर बोलायलाही महिना पुरेल. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून फुकट गोष्टी आहेत. एकच चित्रगोष्ट मराठीत आणि स्पॅनिशमध्ये सापडली की आज एक वाचायची, उद्या दुसरी, मध्ये इंग्रजी कुठेच नको. गाण्यांसाठी क्री-क्री, म्हणजे फ्रान्सिस्को गाबिलोन्दो सोलेर. १९३४ पासून मेक्सिकोच्या रेडिओवर हा गृहस्थ गाणारा रातकिडा होऊन मुलांसाठी गायचा, आणि त्याची गाणी अजून तिथल्या घराघरांत आहेत. शेजारची आजी ज्याच्याबरोबर गुणगुणू शकते ते साहित्य चांगलं, इतकी साधी कसोटी मी भाचीला दिली.

जुनी वापरलेली पुस्तकं तिथे स्वस्तात मिळतात. घेताना एक बघायचं. सीएच आणि डबल एल ही वेगळी अक्षरं म्हणून मोजलेली असतील, तर पुस्तक जुनं आहे. २०१० पासून स्पॅनिश वर्णमाला सत्तावीस अक्षरांची आहे. शेजार मेक्सिकन असेल तर स्पेनच्या उच्चारांची पुस्तकं सध्या बाजूला ठेवलेली बरी.

इथे मला एक बोचतं. मेक्सिकोत सरकारने मान्य केलेल्या अडुसष्ट मूळ भाषा आहेत. नाहुआत्ल किंवा माया बोलणाऱ्या मुलाला स्पॅनिश तितकीच परकी, जितकी आमच्या पाड्यावरच्या पोराला पुस्तकातली मराठी. तिथे त्या भाषांतून शाळेची पुस्तकं निघतात. ती पुरतात असं नाही, पण निघतात. आपल्याकडे २०२५ च्या एप्रिल ते जून आपण पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर रान उठवलं. शासन निर्णय निघाले, मागे घेतले, समिती नेमली. भाषा किती आणि कुठल्या इयत्तेपासून, याची गणितं सगळ्यांनी मांडली. ज्याची पहिलीच भाषा पुस्तकात नाही, त्या मुलाला दुसरी आणि तिसरी कशी मोजायची, हे कुणी विचारलं नाही.

पाड्यावर आम्ही बोहाड्याची, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवातली, सोंगं कामाला लावायचो. कुठलं सोंग कुठल्यामागून येतं, कोण कसं नाचतं, हे पोरांना तोंडपाठ असायचं. फळ्यावर गणपतीचं, रावणाचं चित्र काढलं की गप्प बसलेली पोरं एकदम बोलायला लागायची, आधी कोकणीत, मग हळूहळू मराठीत. चित्र ओळखीचं असलं की नवा शब्द टिकतो.

म्हणूनच भाचीच्या यादीबाहेरची एक वस्तू मी सुचवली. लोटेरिया. आपल्या हौजीसारखा मेक्सिकन खेळ, फक्त आकड्यांऐवजी चित्रं. चोपन्न पत्ते, प्रत्येकाच्या पाटीवर सोळा चित्रं. एकाने पत्ता काढून नाव पुकारायचं, बाकीच्यांनी आपल्या पाटीवर दाणा ठेवायचा. १८८७ पासून चालत आलेली ती चित्रं अजून तशीच आहेत. पहिला पत्ता कोंबड्याचा, ‘एल गायो’. पुढे सूर्य, बेडूक, विंचू, शिडी, आणि ती भांडण लावणारी ‘ला लुना’. व्याकरणाचा धडा एकही नाही, पण प्रत्येक नावाला ‘एल’ की ‘ला’ हे कानावर बसतं. पुकारायला शेजारची आजी येते, ते वेगळंच.

महागडा संच भाचीने परत केला. लोटेरियात एक पत्ता दारुड्याचाही आहे, झोकांड्या खात चाललेला, हातात बाटली. भाचीच्या सासूबाईंचं म्हणणं, तो काढून टाका. मुलांनी अर्थातच तोच शब्द सगळ्यांत आधी पाठ केलाय.