बिलावर रिझोल्यूशन लिहा

‘काका, ग्राफिक्स कार्ड टाकावं लागंल.’ नव्याने जोडलेल्या दुसऱ्या मॉनिटरवर अक्षरं फुगलेली आणि पुसट दिसायला लागली की हार्डवेअरवाल्याचं निदान बहुतेक वेळा हेच असतं. मी औरंगपुऱ्यात डीटीपीचं काम करतो. सरस्वती भुवनचं आवार, जिल्हा परिषद आणि पुस्तकांची दुकानं सगळी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे प्रश्नपत्रिका, गाइडं, अहवाल, लग्नपत्रिका असं कसलंही मॅटर इकडे येतं. डाव्या पडद्यावर गिऱ्हाइकाची प्रत, उजव्या पडद्यावर पान, अशी आता बऱ्याच टेबलांची मांडणी झाली आहे. हा दुसरा पडदा बहुधा जुनाच घेतलेला असतो आणि सगळी कटकट तिथूनच सुरू होते. माझं म्हणणं साधं आहे. कार्डाचे हजारो रुपये मोजण्याआधी दीड-दोनशे रुपयांची केबल बदलून बघा, आणि मॉनिटर विकणाऱ्याने पॅनलचं मूळ रिझोल्यूशन बिलावर लिहून द्यायलाच हवं.

आमची पिढी जाड काचेच्या मॉनिटरवर शिकली. तिथे ८००×६०० ठेवा नाहीतर १०२४×७६८, चित्र बऱ्यापैकी ठीक यायचं, कारण सांगाल तितक्या ओळी आतला इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ओढायचा. सपाट मॉनिटरला ही मुभा नाही. त्याच्यात, समजा, आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके कारखान्यातच पक्के बसवलेले असतात. त्याला १३६६×७६८चा सिग्नल दिला, तर एका ठिपक्याचा मजकूर साधारण १.४ ठिपक्यांवर पसरावा लागतो. अर्धा ठिपका काही पेटत नाही. मग मॉनिटर शेजारच्या ठिपक्याला करडा रंग देऊन वेळ मारून नेतो. आपल्याला जो धूसरपणा दिसतो, तो हा करडेपणा.

रोमन अक्षरांचं यात एक वेळ निभावतं, देवनागरीचं निभावत नाही. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांना वेगळं ठेवते ती शिरोरेषेतली एवढीशी फट. लहान टायपात ती पडद्यावर जेमतेम एखाद-दोन ठिपक्यांची असते. करड्या ठिपक्यांनी ती बुजली, की ‘धाव’च्या जागी ‘घाव’ पडलेला प्रूफात डोळ्याला टोचत नाही. अनुस्वार आणि रफार यांचंही तेच. आणि रुंद पडद्यावर १०२४×७६८ ताणून बसवलेलं असेल, तर सगळं चित्र उंचीच्या मानाने तिसऱ्या हिश्श्याने रुंद होतं. पत्रिकेवरचा गणपती आडवा सुटलेला दिसतो, ऑपरेटर बिचारा त्याला बारीक करतो, आणि छापून आल्यावर वधूपिता विचारतो की बाप्पा असा उपाशी का?

मशीनला दुसऱ्या मॉनिटरचं माप कळतं कसं, हे एकदा समजलं की निम्मे घोटाळे उलगडतात. केबल जोडली की मॉनिटर आपलं ओळखपत्र पाठवतो. १२८ बाइटची ही छोटीशी नोंद, तिला ईडीआयडी म्हणतात. १९९४ पासून ही पद्धत आहे. कंपनी कोणती, पॅनल कितीचं, कोणतं रिझोल्यूशन चालेल, हे त्यात असतं. निळ्या टोपणाची जी व्हीजीए केबल अजून आपल्याकडे सर्रास दिसते, ती आयबीएमने १९८७ साली आणलेल्या पद्धतीची. तिच्या पंधरा पिनांपैकी बारावी आणि पंधरावी या दोन पिना ही नोंद वाहून नेतात. स्वस्त केबलमध्ये नेमक्या या तारा गाळलेल्या सापडतात, किंवा खुपसाखुपशीत पिन वाकलेली असते. चित्राच्या तारा शाबूत असल्यामुळे पडदा लागतो, रंगही दिसतात, म्हणून केबलवर कुणाचा संशय जात नाही. ओळख न पटलेलं मशीन मात्र १०२४×७६८ असं काहीतरी बेताचं माप धरून बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ असं नाव दिसलं, तर आधी केबल बदला.

नवी छोटी मशीनं फक्त एचडीएमआय घेऊन येतात आणि जुन्या एकोणीस इंचीला व्हीजीए असतं, म्हणून मध्ये कन्व्हर्टर येतो. हाही कधी ओळखपत्र पुढे पाठवत नाही, कधी स्वतःचंच भलतं पाठवतो. आणखी एक गंमत म्हणजे, जुन्यातल्या चौकोनी सतरा इंचीचं मूळ माप १२८०×१०२४ असतं, रुंद एकोणीस इंचीचं बऱ्याचदा १४४०×९००. त्यांना १९२०×१०८० द्यायचा हट्ट धरला तर ‘आउट ऑफ रेंज’ची पाटी येते किंवा अक्षरं दबतात. म्हणजे मोठा आकडा चांगला, असं इथे नसतं; त्या पॅनलचा स्वतःचा आकडा तेवढा चांगला. व्हीजीएवर योग्य माप ठेवूनही अक्षरं थरथरत असतील, तर मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबावं. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

केबल ठीक निघाली तर सेटिंग. विंडोज की आणि पी एकत्र दाबून बघा. तिथे ‘डुप्लिकेट’ असेल, तर दोन्ही पडद्यांना झेपेल अशा एकाच मापावर विंडोज तडजोड करते आणि त्यात चांगल्या पडद्याचाही बळी जातो. ‘एक्स्टेंड’ करा, मग डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन नंबरचा पडदा निवडून त्याचं ‘रेकमेंडेड’ माप द्या. हे दिल्यावरही खात्री हवी असेल, तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ‘इन्फर्मेशन’ उघडा. आत येणारा सिग्नल किती आहे, ते तो खरं सांगतो.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो मात्र एका सवयीचा. चाळिशी ओलांडली की अक्षरं बारीक वाटतात, आणि घरातला कुणीतरी हुशार मुलगा रिझोल्यूशन खाली आणून देतो. अक्षरं मोठी होतात खरी, पण धुरकट मोठी. त्यासाठी ‘स्केल’ नावाची वेगळी सोय आहे. रिझोल्यूशन मूळ ठेवून स्केल १२५ किंवा १५० टक्के करा, अक्षर मोठंही होतं आणि कोरीवही राहतं. आपल्या कचेऱ्यांमधल्या, पतसंस्थांमधल्या वयस्क कारकुनांच्या पडद्यांकडे एकदा बघा. दिवसभर ते धुक्यात वाचत असतात आणि चष्म्याच्या नंबराला दोष देतात.

स्केलमध्येही आमच्या धंद्याची एक खास अडचण आहे. पेजमेकर ७ हे २००१ सालचं सॉफ्टवेअर, काही टेबलांवर अजून चालू आहे. दोन पडद्यांना दोन वेगळी स्केल असू शकतात, ही व्यवस्था विंडोजमध्ये २०१३ मध्ये ८.१ बरोबर आली. पेजमेकरला ती माहीत असण्याचं कारणच नाही. त्यामुळे त्याची खिडकी वाढीव स्केलच्या पडद्यावर ओढली, की विंडोज तिचं नुसतं चित्र ताणते. बाकी सगळं स्वच्छ आणि पेजमेकर तेवढा पुसट, असं दिसलं तर मॉनिटर निर्दोष आहे. दोन्ही पडद्यांचं स्केल १०० टक्के करून मशीन पुन्हा सुरू करा, नाहीतर त्या प्रोग्रामच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीखाली हाय डीपीआयची सेटिंग बदला.

घरचा बत्तीस इंची टीव्हीच दुसरा पडदा म्हणून लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की ‘एचडी रेडी’ म्हणून विकलेल्या टीव्हीचं पॅनल बहुधा १३६६×७६८चं असतं. त्यावर पुढ्यात बसून प्रूफ वाचू नये. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधावं.

कार्ड कधीच लागत नाही, असं मी म्हणत नाही. एचडीएमआयचं तोंड सगळीकडे सारखंच दिसतं, पण आत आवृत्ती १.४ असेल तर फोर-के चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलतं आणि माउस अडखळल्यासारखा वाटतो, साठसाठी २.० लागतं. काही जुन्या बोर्डांना तर १९२०×१२००च्या पुढे जाताच येत नाही. तिथे खर्च रास्त आहे. पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ दिसत असेल, तर बोर्ड नव्हे, ड्रायव्हर गेलेला आहे, आणि तो कंपनीच्या साइटवर फुकट मिळतो. हे न बघता कार्ड गळ्यात मारणं हा धंदा नव्हे.

खरेदी करताना आपण काय विचारतो? इंच किती, वॉरंटी किती, कमी किती करता. शाळा आणि कार्यालयांच्या खरेदीच्या यादीतही इंचाच्या पुढे रिझोल्यूशनचा आणि पोर्टचा रकाना असायला हवा. कापडाच्या ताग्यावर माप, औषधावर मुदत लिहिलेली असते. जुन्या मॉनिटरवर मात्र ‘चालू आहे’ एवढंच तोंडी सांगतात. पुढचा मॉनिटर घ्याल, तेव्हा बिलावर तीन गोष्टी लिहून मागा: पॅनलचं मूळ रिझोल्यूशन, मॉनिटरला कोणकोणते पोर्ट आहेत, आणि सोबतची केबल कोणती. जमलं तर स्वतःचं मशीन नेऊन काउंटरवरच मराठीचं एक पान उघडून ‘ध’ आणि ‘घ’ वेगळे दिसतात का, ते बघा. लिहून द्यायला दुकानदार तयार नसेल, तर मॉनिटर तिथेच ठेवून दुसऱ्या दुकानात जा.