कामाच्या तट्टास खुराक किती?

काम करणाऱ्या जनावरास भरपूर खुराक हवाच, हा समज बैलाच्या बाबतीत बव्हंशी खरा आहे. परंतु सुप्याच्या आसपास जी तट्टे आढळतात त्यांस तो सरसकट लावणे घातक होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही तट्टे बहुतेक भीमथडी वळणाची. पारनेर तालुका पडला अवर्षणप्रवण. ढवळपुरीकडील धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाची वाट धरतात, आणि बिऱ्हाडाचे ओझे या तट्टांच्याच पाठीवर असते. वाटेत मिळेल त्या वाळक्या गवतावर ती अंग धरून राहतात. पिढ्यानपिढ्या थोडक्यावर जगलेल्या या जनावराचा देह मिळालेला दाणा साठवूनच ठेवतो.

हेच तट्टू गावात दावणीला आले, की मालकाची माया उतू जाते. आमच्या शेजारच्या वस्तीवरील एका घोडीस रोज ओझी वाहते म्हणून बाजरीचा भरडा व वर गूळ मिळे. मानेवर चरबीची वळी चढली, लोक कौतुक करू लागले. एके सकाळी ती पुढचे पाय पुढे टाकून, मागच्या पायांवर भार देऊन उभी राहिली. वळता येईना, खुरांना हात लावावा तर गरम. खुराच्या आतील पडद्यांचा तो दाह होता. घोडी वाचली, पण ओझ्याला कायमची मुकली.

यास्तव खुराक कामावरून नव्हे, तर वजन व अंगलट पाहून ठरवावा. काट्याची जरूर नाही. छातीच्या घेराचा वर्ग करावा, त्यास खांद्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीने गुणावे (मापे सेंटीमीटरांत) व ११,८८० ने भागावे. उत्तर किलोंत येते. घेर १४५ व लांबी १४० असल्यास तट्टू सुमारे २४८ किलोंचे. एवढ्या जनावरास दिवसाकाठी पाच किलो कडबा किंवा वाळके गवत पुरते. अंग फार सुटले असल्यास पावणेचार किलोंपर्यंत उतरावे, त्याखाली नको. उपाशी ठेवून बारीक करण्याचा अघोरी उपाय काहीजण करतात. त्याने अंगातील चरबी रक्तात उतरून जनावर दगावू शकते. चारा तीन-चार वेळा विभागून टाकावा.

मात्र लठ्ठ तट्टू सुपोषितच असते असे नव्हे. कडब्यात प्रथिने फार थोडी. म्हणून कामाच्या दिवशी पाव ते अर्धा किलो भिजविलेला हरभरा, दोन-अडीच तोळे मीठ आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने खनिज मिश्रण द्यावे. गूळ, बाजरी व गव्हाची कणीक वर्ज्य. फासळ्या हाताला लागाव्यात, डोळ्याला दिसू नयेत. दिसू लागल्या तरच दाणा वाढवावा, तोही आठ-दहा दिवसांत हळूहळू.

विसाव्याच्या दिवशी बहुतेकजण चुकतात. काम नाही, दाणा मात्र चालूच. मग दुसऱ्या दिवशी ओझे चढविताच पुठ्ठ्याचे स्नायू आखडून जनावर जागीच थांबते व लघवी काळसर होते. अशा वेळी त्यास चालवू नये, पशुवैद्यास बोलवावे. विसाव्याच्या आदल्या रात्रीपासूनच हरभरा बंद ठेवून केवळ चारा-पाणी द्यावे, आणि काम सुरू झाल्यावर संध्याकाळी पुन्हा मूठभरापासून आरंभ करावा.