फराळाचे ताट कोणाकडे?

दिवाळीच्या आदल्या रात्री आमच्या घरी एक यादी होते. सौ. चकल्या तळता तळता नावे सांगते, मी लिहून घेतो. फराळाची ताटे कोणाकोणाकडे पाठवायची, याची ही यादी. यंदा ती वाचून पाहिली आणि थोडा ओशाळलो. सोळा घरांपैकी बारा आमच्याच जिन्यावरची नाहीतर नात्यातली, चार कचेरीतली. समोरच्या गल्लीतले यंत्रमागवाले चाचा रोज सलाम करतात. त्यांचे नाव नव्हते. भांडण मुळीच नाही. सुचले नाही, इतकेच!

आपण म्हणतो मने जुळली. पुष्कळदा जुळलेले असतात ते जिने. १९५० साली फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यार्थी-वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मैत्री सर्वांत अधिक जुळली होती ती लगतच्या दाराशी. चार दारे ओलांडली की ती आटत जाई. त्यावर आणखी आपली दुसरी खोड : आपल्यासारखाच माणूस शोधायचा. न ठरवता माणसे निवडली, की अशी यादी होते.

एरवी यात बिघडत काही नाही. पण आमची ही भिवंडी. १९७० आणि १९८४ च्या दंगली या गावाने सोसल्या आहेत. अशा वेळी एखादी आवई उठली, की माणूस ओळखीच्यालाच विचारतो. ओळखीचे सारे एकाच आळीतले असले, तर आवई दुप्पट होऊन परत येते. पलीकडच्या आळीत विचारावे असे एक तरी दार लागते.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी हे नेमके हेरले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे आणि पोलीस एकत्र बसू लागले. संकट आल्यावर नव्हे, त्याच्या आधी. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. यंत्रमागाच्या गावाला हे कळायलाच हवे होते. नुसत्या उभ्या धाग्यांचे कापड होत नाही. आडवा धागा मुद्दाम घालावा लागतो.

हे मी मोठ्या ऐटीत सौ.ला ऐकवले. ती झारा थांबवून म्हणाली, “अहो, मामंजी आणि चाचा एकाच समितीत बसत ना? मामंजी होते तोवर पहिले ताट तिकडेच जायचे.”

मी गप्प झालो. वडिलांनी घर दिले, घड्याळ दिले. ओळख मात्र वारशाने येत नाही. ती दरसाल नव्याने करावी लागते.

सतरावे ताट मी स्वतःच घेऊन गेलो. चाचांनी रुमाल उचलून पाहिला, करंजी हातात घेतली आणि म्हणाले, “बेटा, उशीर केलास. तुझे वडील एव्हाना दोनदा चहा पिऊन गेले असते.”

मी बसलो. चहा दोनदा झाला.