बैलाची संमती

सावली, मूल, सिंदेवाहीच्या मुलखात धानाची कापणी आटोपून बांध्या मोकळ्या झाल्या, की गावोगाव शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींची, बोलणी सुरू होतात. आणि दिवसा पट व रात्री नाटक हा या झाडीपट्टी मुलखाचा जुना दस्तूर असल्यामुळे, जोड्या पाहण्यास आलेला पाहुणा रात्री मंडपातही ठाण मांडून बसतो. ज्या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती जगविण्यात या बैलांचाही वाटा आहे, हे आम्हांस कृतज्ञतेने मान्य आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी अशा शर्यतींना मनाई केली, महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरविली. शंकरपट कायदेशीर आहे की नाही, हा वाद तेथे मिटला. तो खेळ आहे की नाही, हा मिटलेला नाही.

हॉलंडचे इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ सालच्या आपल्या ग्रंथात खेळाचे पहिले लक्षण सांगितले ते स्वेच्छा. हुकमाने करविलेला खेळ त्यांच्या लेखी खेळच नव्हे. कबड्डीचा गडी मध्यरेषा ओलांडतो तो स्वखुशीने. बैलाला असा करार करता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी शर्ती घालाव्या लागतात, आणि परवान्यातील तुतारीबंदीचे, म्हणजे बैलाला टोचण्याच्या आरीच्या काठीवरील बंदीचे, कलम ही तीच शर्त होय. परंतु छकड्यावर ओणवा झालेला धुरकरी शेपूट पिरगळतो, मुठीत दडविलेली आर पुठ्ठ्यात खुपसतो, आणि गर्दी त्या वेगाला टाळ्या देते, हे आजही घडू शकते.

तुतारीवाचून पट मिळमिळीत होईल, असे पुष्कळ जण म्हणतात. खो-खोत पाठलाग करणाऱ्यास उलट फिरण्याची मनाई आहे, म्हणून तो खेळ कधी मिळमिळीत झाला काय? बंधन दोन्ही जोड्यांवर सारखेच असेल, तर चुरस तसूभरही घटत नाही. उलट ज्याने वर्षभर सरकी-ढेप चारली, पोळ्याला ज्याने शिंगे रंगविली, त्याच्या नुसत्या हाकेवर जोडी किती धावते, याची खरी कसोटी तेथेच लागते. आमच्या शेतकऱ्याचे बैलावरील प्रेम अस्सल आहे, यावर आमचा पूर्ण विश्वास असल्यामुळेच ही मागणी आम्ही निःशंकपणे करतो : जोडी सुटण्यापूर्वी पंचांनी धुरकऱ्याचे दोन्ही हात तपासावेत, आणि शर्यतीनंतर पुठ्ठ्यावर आरीची खूण आढळल्यास, पहिली आलेली जोडीही इनामाच्या यादीतून वगळावी.