डीजेच्या भिंतीपुढचे कान

किनवटच्या मुख्य रस्त्यावरून वर्षभरात ज्या मिरवणुका निघतात, त्यांत त्या तालुक्याचा निम्मा सामाजिक इतिहास सामावलेला आहे. फेब्रुवारीत संत सेवालाल महाराजांची जयंती, एप्रिलमध्ये बाबासाहेबांची, ऑगस्टमध्ये अण्णाभाऊंची, भाद्रपदात गणपती, नोव्हेंबरात बिरसा मुंडांची. ज्यांच्या पूर्वजांना गावाच्या मधोमध वाजतगाजत जाण्याची छाती होत नव्हती, त्यांची मुले आज त्याच वाटेने नाचत जातात, ही गोष्ट कोणत्याही समाजवाद्याला आनंदाची वाटली पाहिजे. परंतु मराठवाड्यातील बहुतेक मिरवणुकांना, मग त्या कोणाच्याही असोत, आता एकच वाद्य उरले आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा टेम्पोवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत. लोक तिला डीजे म्हणतात.

या भिंतीविरुद्ध जी ओरड होते ती रुग्णांच्या, वृद्धांच्या आणि परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नावाने. ती रास्तच आहे. परंतु भिंतीपुढे दोन हातांवर जो अठरा-वीस वर्षांचा मुलगा चार-पाच तास नाचत असतो, त्याच्या कानाचा विचार या ओरडीत कोठेच नसतो. जणू त्याने आपल्या हौसेने आपले कान गहाण टाकले, तेव्हा त्याचे काय होईल ते त्याचे तो पाहील. आणि जो हौसेने नव्हे तर रोजावर तेथे असतो, त्याचे काय? यंत्रणा चालविणारा ऑपरेटर, जनरेटरजवळ बसलेला पोऱ्या, ट्रॅक्टरचा चालक, डोक्यावर दिव्याचे झाड घेऊन चालणाऱ्या बाया, बंदोबस्ताचा शिपाई. नाचणारा वर्षातून दोनचार रात्री तेथे असतो. ही माणसे लग्नसराई आणि उत्सव मिळून महिनोन् महिने असतात.

माणसाच्या प्रत्येक अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. त्या जन्मतः मिळतात आणि मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ध्वनीची पातळी ३ डेसिबलने वाढली म्हणजे त्यातील ऊर्जा दुप्पट होते. म्हणून अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करता येत असेल, तर ८८ मध्ये चार तास आणि १०० मध्ये केवळ पंधरा मिनिटे. १०६ ला चार मिनिटेही उरत नाहीत. सुमैरा अब्दुलअली यांच्या ‘आवाज फाउंडेशन’ने मुंबईच्या उत्सवांत वर्षानुवर्षे मोजणी केली, तेव्हा शंभराच्या पुढचे आकडे वारंवार आढळले. किनवटची भिंत मुंबईच्या भिंतीहून दयाळू असण्याचे काही कारण नाही.

हा बहिरेपणा एकाएकी येत नाही, म्हणूनच तो फसवा आहे. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी कानाला दडे बसलेले असतात, आत शिट्टी वाजत राहते. दोन दिवसांनी सारे पूर्ववत वाटते आणि माणूस निश्चिंत होतो. प्रत्यक्षात काही हानी कायमची झालेली असते. प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात. स, श, फ यांसारखी व्यंजने निसटू लागतात. बोलणे ऐकू येते, पण उलगडत नाही. साठ आणि आठ यांत घोटाळा होऊ लागला की बाजारात, कचेरीत, मुलाखतीत माणूस मागे पडतो, आणि लोक त्याला मंद ठरवितात. ज्या घरातून पहिलाच मुलगा महाविद्यालयापर्यंत पोचला, त्या घराला ही किंमत फार जड आहे.

येथे एक विसंगती कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावी. कारखान्यातील कामगाराच्या कानासाठी कायद्याने काही ना काही तरतूद केली आहे. आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आपल्या कारखाना नियमांत चालत आली. गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक रोग म्हणून नोंदला गेला आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आला. अंमलबजावणी कितपत होते हा वेगळा प्रश्न. परंतु जनरेटरजवळच्या त्या पोऱ्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. त्याचा मालक रोज बदलतो. आज हे मंडळ, उद्या ते. असंघटित कामगारांच्या सभांतून मजुरीचा दर येतो, कान कधी येत नाही.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी शांततेचा हक्क जगण्याच्या हक्कात बसविला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली, ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर, ध्वनिवर्धक हा कोणाचा धार्मिक हक्क नव्हे असे बजावले. कायदा अपुरा नाही. तो लागू करणारा हात मात्र समान पडत नाही. गणपतीच्या मंडळापुढे हात जोडून उभा राहणारा अधिकारी जयंतीच्या मिरवणुकीत डेसिबलमापक घेऊन येतो, अशी तक्रार वस्त्या-वस्त्यांतून ऐकू येते, आणि तिला केवळ सबब म्हणून झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘डीजे बंद करा, हलगी आणा’ हा सल्लाही वाटतो तितका निरागस नाही. हलगी व डफ वाजविणे हे कित्येक शतके काही जातींवर लादलेले काम होते. त्यातून बाहेर पडणे हा स्वाभिमानाचा भाग होता. वाजविणाऱ्याला मानधन आणि मान दोन्ही मिळत असतील तर हलगी अवश्य यावी. गोंडांच्या दंडारीला तर कोणी सांगण्याची गरजच नाही; ती गावाची स्वतःची आहे, आणि अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या रूढी व सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने दिलेला आहे. मिरवणुकीपुढे काय वाजावे हे तिने ठरविले, तर ठाणेदाराला ठरवावे लागणार नाही.

आवाज वाढतो कशाने? हौसेने थोडा, चढाओढीने फार. शेजारच्या मंडळाने आठ खोकी आणली की यांना बारा लागतात; पुढच्या वर्षी ते सोळा आणतात. शेवटी दोघेही होते तेथेच राहतात, वर्गणी मात्र दुप्पट होते. शस्त्रस्पर्धेचे अर्थशास्त्र याहून निराळे नाही, आणि तिच्यातून एकट्याला बाहेर पडता येत नाही. सर्व मंडळांनी एकत्र बसूनच खोक्यांची संख्या बांधून घ्यावी लागते. भाड्याने पोट भरणाऱ्या ध्वनियंत्रणा व्यावसायिकांनी २०१८ साली उच्च न्यायालयात उपजीविकेचा प्रश्न मांडला होता. तो खराच आहे. पण कमी आवाजातही त्यांना भाडे मिळू शकते.

स्वित्झर्लंडमध्ये सरासरी ९३ डेसिबलच्या वर जाणाऱ्या कार्यक्रमात आयोजकाने कानाचे बोळे फुकट वाटावेत असा कायदा आहे, आणि कमाल मर्यादा १०० आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली जाहीर केलेल्या मानकात पंधरा मिनिटांची सरासरी १०० च्या वर जाऊ नये, आवाज मोजणारा माणूस नेमावा आणि कानांना विसावा देणारी शांत जागा ठेवावी असे म्हटले आहे. यात किनवटला न परवडणारे काय आहे? फोमच्या बोळ्यांची जोडी थोड्या रुपयांत मिळते. कापूस कोंबून मात्र फारसे साधत नाही. ज्या मंडळात पक्षाचा कार्यकर्ता आहे, तेथे वर्गणीच्या हिशेबात फुलांच्या खर्चाखाली बोळ्यांची एक ओळ यावी. पहिली जोडी ऑपरेटरला आणि जनरेटरवाल्याला मिळावी, आणि ते तासा-दीड तासाने आळीपाळीने भिंतीपासून दूर जावेत. नाचणाऱ्यांनी मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले तर आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. लहान मुलांना ट्रॉलीवर बसविणे तर आजच थांबले पाहिजे. आणि मिरवणुकीनंतर कोणाचा एक कान अचानक बंद झाला, तर तेल घालून आठवडा काढण्याऐवजी त्याला दोन-तीन दिवसांच्या आत कानाच्या तज्ज्ञाकडे नेले पाहिजे, कारण उपचार जितका लवकर सुरू होईल तितका त्याचा उपयोग अधिक. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किनवटहून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. जाण्या-येण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांची सोय मंडळाच्या शिलकीतून व्हावी.